पाचव्या ओळीतली तक्रार

मी मिरजेची. आमच्याकडे माणूस दारात आला की चपला काढता काढता कामाचं बोलून मोकळा होतो आणि मग निवांत चहाला बसतो. लग्न होऊन लखनौला आले तेव्हा इथली उलटी तऱ्हा बघून माझं डोकं फिरायचं. आधी चहा, मग मुलांची चौकशी, मग हवापाणी, मग तुमच्या गावाची स्तुती, आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून माणूस ज्यासाठी आला ते सांगणार. तेही 'ज़रा-सी ज़हमत', थोडीशी तसदी, म्हणून. नवऱ्याच्या बँकेने त्याला मध्ये दोनदा दुसरीकडे पाठवलं, पण आम्ही विकास नगरचं घर सोडलं नाही. मुलीची शाळा आणि कॉलेज इथेच झालं. ती माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. मी कुणावर चिडले की म्हणते, "आई, आप बहुत जल्दी में रहती हैं।" आईला 'आप' म्हणते, तेही इथलंच.

घाई माझ्या स्वभावातच आहे. प्रोग्रॅमिंग मला आवडलं ते बहुधा म्हणूनच. कॉम्प्युटरची ख्यालीखुशाली विचारावी लागत नाही. हजरतगंजच्या मागच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी आहे. आम्ही दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांचे निरोप वाचतो, म्हणजे आमचा कॉम्प्युटर वाचतो. लोक मोबाइलवरून लिहितात, ते सगळे निरोप रोज सकाळी एका लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक येऊन पडतात, आणि पायथनमधली एक स्क्रिप्ट त्यांचे तीन ढीग करते: तक्रार, चौकशी आणि आभार. तक्रार असली की त्या ग्राहकाच्या नावाने काम उघडतं. आभार असले की त्याला आपोआप एक गोड उत्तर जातं आणि त्याचं प्रकरण 'समाधानी' म्हणून बंद होतं. स्क्रिप्ट लिहिणारा मी रुजू व्हायच्या आधीच नोकरी सोडून गेला होता. ती मुकाट चालत होती, आणि मुकाट चालणाऱ्या गोष्टीला कोणी हात लावत नाही.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक वयस्क जोडपं राहायचं. बाई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा सरकारी कचेरीतून. बाईंना आम्ही सगळे आंटी म्हणायचो, आणि त्या नवऱ्याला 'हमारे साहब' म्हणायच्या, म्हणून आमच्याही तोंडी ते साहेबच. मूलबाळ नव्हतं. आंटींना बरीच वर्षं ऐकू कमी यायचं. दोन्ही कानांत मशीनं असायची, आणि ती असली की त्यांचं सगळं व्यवस्थित चालायचं. जिन्यातून चढताना आमच्या कुकरची शिट्टी ऐकून आज राजमा का म्हणून विचारायच्या.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी साहेबांचं घशाचं दुखणं हाताबाहेर गेलं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. पूर्वी जिन्यात खणखणीत बोलणारा माणूस, त्यांचा आवाज उतरत उतरत नुसता श्वास राहिला. हात थरथरायचे, त्यामुळे लिहूनही दाखवता येत नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच आंटींची दोन्ही मशीनं बिघडली. ती दुरुस्तीला दिली, कंपनीच्या माणसाने लवकरच आणून देतो म्हणून सांगितलं, आणि ती काही परत येईनात.

हे मला दसऱ्याच्या आसपास कळलं. मी वर वरणभाताचा डबा घेऊन गेले होते. साहेबांना तेवढंच गिळता यायचं. आंटी माझ्याशी बोलताना माझ्या ओठांकडे बघत होत्या. कानात मशीन तर दिसत होतं. मी विचारलं तर त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच सांगितलं की हे जुनं मशीन आहे, कपाटाच्या तळाशी पडलेलं, यातून फक्त शीळ वाजते.

"मग घातलंय कशाला?" मी मोठ्याने, ओठ नीट हलवत हिंदीत विचारलं.

"उन्हें पता चल गया कि मुझे सुनाई नहीं देता, तो बोलना ही छोड़ देंगे," त्या म्हणाल्या. "कहेंगे, क्यों तकलीफ़ दें।"

साहेब रोज संध्याकाळी थोडा वेळ बोलायचे. आंटी पलंगाच्या कडेला बसायच्या, त्यांच्या तोंडाकडे बघायच्या, पण त्यांचे ओठ आता जेमतेम हलायचे आणि वर भरघोस मिशी. त्यांना एक शब्दही लागायचा नाही. तरी साहेब थांबले की त्या मान हलवून "जी" म्हणायच्या, चादर नीट करायच्या, पाणी द्यायच्या. मी एकदा ते दारातून पाहिलं आणि मला भडभडून आलं. चाळीसेक वर्षांचा संसार, माणूस शेवटचं काही बोलतोय, आणि ऐकणारीच्या कानात बंद पडलेलं यंत्र.

मग अर्थातच मला राग आला. मी विचारलं, कंपनीला कळवलंत का? आंटींनी मोठ्या अभिमानाने फोन पुढे केला. किती तरी वेळा कळवलं होतं. "बड़े शरीफ़ लोग हैं बेटा, हर बार जवाब देते हैं।"

मी त्यांचे निरोप वाचायला लागले. एकेक निरोप म्हणजे पत्रच. आणि प्रत्येकाखाली कंपनीचं उत्तर: 'आपके स्नेह के लिए हम हृदय से आभारी हैं।' ते उत्तर मी दोनदा वाचलं, कारण ते वाक्य माझं होतं. आधीचं फार कोरडं वाटायचं म्हणून मीच बदललं होतं. ही मशीनवाली कंपनी आमची ग्राहक होती. आंटींचे निरोप रोज सकाळी माझ्याच फाइलमध्ये येऊन पडत होते, आणि माझी स्क्रिप्ट त्यांना आभाराच्या ढिगात टाकून, समाधानी म्हणून शिक्का मारून, वर गोड बोलून वाटेला लावत होती. इतक्या अगत्याचं उत्तर आलं म्हणून आंटी पुढचा निरोप त्याहून अगत्याने लिहायच्या. तो अर्थातच पुन्हा आभारात.

दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी बिचारी चांगली होती. तिने बघून सांगितलं की या ग्राहकाचं प्रकरण बंद दिसतंय, समाधानी म्हणून. प्रकरण बंद असलं की मशीन दुरुस्तीच्या रांगेत जात नाही, ते तसंच बाजूला राहतं. मी म्हटलं, मग आता तक्रार नोंदव. ती म्हणाली, "मैडम, यहाँ से नहीं खुलती। सुबह वाली फ़ाइल से ही आती है।" म्हणजे माझ्याकडूनच. मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला.

माझ्या मनात आलं, सोपं आहे. त्याच संध्याकाळी वर गेले, आंटींच्या फोनवर स्वतः टाइप केलं: 'मशीन नहीं आई। तुरंत भेजिए।' एक घाव दोन तुकडे. आंटींना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी जणू त्यांच्या बैठकीत चपला घालून शिरले आहे.

"ऐसे?" त्या म्हणाल्या.

"असंच," मी ठासून सांगितलं. "असंच पाठवायचं. वर एक अक्षर नको."

तेवढ्यात आतून घंटी वाजली. साहेबांच्या उशाशी एक पितळी घंटी ठेवलेली होती, ती आंटींना ऐकू यायची नाही. मी असले की खूण करायची, एरवी त्या साहेबांजवळून हलायच्याच नाहीत. त्या आत जाताना म्हणाल्या, भेज दूँगी बेटा, तुम जाओ, खाना बनाना होगा। मी विश्वासाने खाली आले. सकाळी ऑफिसात फाइल उघडून पाहिली तर आंटींचा निरोप होता, आभाराच्याच ढिगात. माझी ओळ त्यात जशीच्या तशी होती. फक्त तिच्या वर चार ओळी होत्या. मागाहून मी त्यांना विचारलं तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, "बिना सलाम के कैसे भेज देती? पढ़ने वाला भी तो किसी का बच्चा होगा।"

पढ़ने वाला कोणी नव्हता. पण हे मी त्यांना कसं सांगणार?

त्या सकाळी मी पहिल्यांदा ती स्क्रिप्ट पूर्ण वाचली. मजकुरातून हवा तो भाग उचलायला त्यात एक नमुना लिहिलेला होता. ह्या नमुन्यांना आम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतो. तो नमुना असं सांगत होता की प्रत्येक निरोपाच्या आधी लिहिलेला 'मजकूर' हा शब्द शोध आणि त्याच्यापुढचं जे काही असेल ते उचल. जे काही असेल ते लिहायला एक ठिपका आणि पुढे स्टार पुरतो. ठिपका म्हणजे कोणतंही एक अक्षर, स्टार म्हणजे अशी कितीही. वाचताना वाटतं, यातून काय सुटणार? पण ठिपक्याची एक खोड आहे. तो कोणतंही अक्षर घेतो, फक्त ओळ संपल्याची खूण घेत नाही. ओळ संपली की तो तिथेच थांबतो. खाली आणखी काही लिहिलेलं असेल याची त्याला कल्पनाही नसते.

म्हणजे आंटींच्या सगळ्या निरोपांतून स्क्रिप्टने उचललं होतं ते एवढंच: 'आदाब। उम्मीद है आप सब ख़ैरियत से होंगे।' ह्यावरून कोणीही ते आभारातच टाकलं असतं.

मग मी आभाराचा सगळा ढीग उपसला. लखनौ, कानपूर, बाराबंकी, सीतापूर. ओळीने तीच गत. 'सादर प्रणाम' आणि खाली, कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या ओळीत, आईला फोनवर काही ऐकू येत नाही म्हणून ती रडते. 'आपकी सेवा के लिए धन्यवाद' आणि खाली, मुलाचं मशीन गेल्यापासून तो वर्गात मागे बसतो. जे लोक धसमुसळेपणाने पहिल्याच ओळीत भांडले होते त्यांची कामं झाली होती. ज्यांनी आधी नमस्कार केला ते सगळे समाधानी ठरले होते. मी स्वतः पहिल्या ओळीत भांडणारी आहे. मला कधीच काही कमी पडलं नव्हतं, याचं कारण हेही असेल असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि ते काही फार सुखाचं वाटणं नव्हतं.

दुरुस्ती करायला बसले. ठिपक्याने ओळ संपल्याची खूणही ओलांडावी यासाठी पायथनमध्ये एक सोय आहे, डॉटऑल म्हणतात तिला. ती लावली आणि स्क्रिप्ट चालवली. ढिगांमध्ये एकूण एकच निरोप आला. कानपूरच्या एका गृहस्थांच्या नावावर, प्रचंड लांबीचा. तो बिचारा खरोखर आभार मानत होता, सकाळच्या फाइलमधला पहिला होता इतकंच. ठिपका-स्टार मुळातला अधाशी. त्याला ओळीची वेस होती तोवर बरं होतं. वेस काढल्यावर तो पहिल्या निरोपात शिरला तो फाइलच्या टोकाला जाऊनच बाहेर आला, सगळ्यांची दुःखं एकट्या कानपूरवाल्याच्या नावावर घालून.

मग त्याला लगाम घातला. स्टारच्या पुढे एक प्रश्नचिन्ह दिलं की तो कमीत कमी घेतो. तर आता त्याने काहीच घेतलं नाही. कमीत कमी म्हणजे शून्य, असं त्याचं साधं गणित. कुठवर घ्यायचं हे मी सांगितलंच नव्हतं. मी स्वतःशीच मराठीत दोन शिव्या दिल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वर पाहिलं. तिला अर्थ कळला नसावा, सूर कळला असावा.

थोडं थांबून मी चहा मागवला आणि विचार केला. एका माणसाचं बोलणं कुठे संपतं? त्याच्या शब्दांत तर तसं काही लिहिलेलं नसतं. दुसरा बोलायला लागतो तेव्हा पहिल्याचं संपलेलं असतं. प्रत्येक निरोपाच्या आधी फाइलमध्ये एक ओळ असायची, ओळीच्या सुरुवातीला 'संदेश' आणि पुढे आकडा. मग नमुन्यात तसंच लिहिलं: ओळीच्या सुरुवातीला पुढचा 'संदेश' दिसेपर्यंत घे, आणि त्याला हात न लावता त्याच्या अलीकडे थांब. पुन्हा चालवलं. ह्या वेळी निरोप वेगवेगळे आले, पूर्ण, आपापल्या नावावर. सगळे आले, फक्त आंटींचा नाही. मी यादी पुन्हा वरून खाली पाहिली. मग लक्षात आलं की त्यांचा निरोप त्या फाइलमधला शेवटचा होता. त्यांच्यानंतर बोलणारं कोणीच नव्हतं, त्यामुळे त्यांचं बोलणं संपलं हे स्क्रिप्टला कळत नव्हतं. नमुन्यात एक पर्याय जोडला: पुढचा संदेश, किंवा फाइलचा शेवट. तेव्हा कुठे आंटी तक्रारीच्या ढिगात आल्या.

पण मला एकटीने ठरवून हे चालू करता येत नव्हतं. आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, माझ्याहून तरुण आहेत, मी त्यांना सर म्हणते. त्यांना दाखवलं तर ते गंभीर झाले. सरळच म्हणाले, "मैडम, पेंडिंग एकदम से बढ़ जाएगा। क्लाइंट को हम क्या बोलेंगे?" चुकीचं काहीच नव्हतं त्यात. आभार एका सकाळीत आटणार आणि तक्रारी फुगणार, ह्याचा जाब आम्हालाच विचारला जाणार. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाद घातला असता तर मी आरडाओरडा केला असता, आणि मग ते नाही म्हणून मोकळे झाले असते. मी फक्त स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, एक निरोप मोठ्याने वाचा. शेवटपर्यंत.

त्यांनी वाचलं. "आदाब। उम्मीद है आप सब ख़ैरियत से होंगे। आपके यहाँ से जो साहबज़ादे आए थे, बड़ी तहज़ीब से पेश आए, उनके वालिदैन को मुबारक।" त्या पोराच्या आईबापांचंही अभिनंदन वाचून ते हसले. "त्योहारों के दिन हैं, आप लोगों पर काम बहुत होगा। ज़हमत देने का इरादा न था।" आणि मग पाचवी ओळ. "बस इतना अर्ज़ है कि मशीनें अब तक नहीं मिलीं। हमारे साहब की आवाज़ बहुत धीमी रह गई है, और उन्हें जो कहना है, इन्हीं दिनों कहना है।"

हा आंटींचा जुना निरोप होता, दसऱ्याच्या आधीचा. सरांनी ती ओळ पुन्हा एकदा मनाशी वाचली. मग म्हणाले, "चालू कर दीजिए। क्लाइंट से मैं बात कर लूँगा।" त्यांनी त्याच दिवशी बोलून घेतलं. समोरची कंपनी आधी चिडली आणि मग कामाला लागली, असं ऐकलं.

मशीनं यायला तरीही दिवाळी उलटली. त्या दिवसांत मी रोज कामावरून आल्यावर आधी वर डोकवायची. साहेब खंगत चालले होते. संध्याकाळी तेच: ते काहीतरी बोलायचे, आंटी "जी" म्हणायच्या, चादर नीट करायच्या. ते हात किंचित उचलून सलाम केल्यासारखं करायचे आणि डोळे मिटायचे. मला रोज वाटायचं, आज नाही तर उद्या हा आवाजही जाईल, आणि माझी ती शहाणी स्क्रिप्ट मग काय कामाची?

खोकं आलं ते एका रविवारी सकाळी, मी घरी असताना. मीच सही करून घेतलं आणि धावत वर नेलं. आंटींनी जुनं मशीन काढलं, दुरुस्त होऊन आलेली दोन्ही घातली, बटणं फिरवली. मग मान वाकडी करून ऐकत राहिल्या. रस्त्यावर कोणीतरी सब्जी विकत होता. "भिंडी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग डोळे पुसून, पदर सारखा करून त्या आत गेल्या. मी बैठकीतच थांबले. आतून साहेबांचा श्वासासारखा आवाज येत होता, शब्द मला कळत नव्हते. मग आंटींचा आवाज आला, "फिर से कहिए।" मग पुन्हा तोच श्वासासारखा आवाज.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पूछ रहे थे, तुम्हें बुरा न लगे तो छोटे को बुला लें।"

छोटे म्हणजे साहेबांचा धाकटा भाऊ, चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यात राहणारा. तो असल्याचंच मला माहीत नव्हतं. आंटींनी सांगितलं की फार वर्षांपूर्वी घरच्या एका लग्नात ह्या दिराने चारचौघांत त्यांची 'बहरी' म्हणून चेष्टा केली होती. साहेब बायकोचा हात धरून तिथून उठले, ते पुन्हा भावाच्या दारात गेले नाहीत, त्याला आपल्या दारात येऊ दिलं नाही.

"कहने लगे, रोज़ यही तो पूछता हूँ," आंटी म्हणाल्या. "रोज़ शाम को। मैं जी कहती थी और चादर ठीक कर देती थी।"

"मग बरंच झालं की," मी म्हटलं. "तुम्ही हो म्हणालात, असंच त्यांना वाटलं असेल."

आंटींनी मान हलवली. "यहाँ ना कौन कहता है, बेटा? जी कह देते हैं और करते नहीं। सामने वाला समझ जाता है। वो समझ गए कि मैंने अभी तक माफ़ नहीं किया।" मग त्या म्हणाल्या, "और हर बार शुक्रिया में हाथ उठाकर आँखें बंद कर लेते थे।"

हात उचलायचे तो सलाम मी इतके दिवस दारातून बघत होते, आणि मला तो समाधानाचा वाटत होता. मला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. आंटी मात्र उठल्या. नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी स्वतः फोन लावला, स्वतः बोलल्या. आदाब केला, खुशाली विचारली, दिराच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाल्या की भाईसाहब आपको याद कर रहे हैं, आ सकें तो आज ही आ जाइए। पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. त्या ऐकत होत्या आणि नुसत्या "जी, जी" म्हणत होत्या, आणि मला पहिल्यांदाच त्या 'जी'चा अर्थ विचारावासा वाटला नाही.

दीर संध्याकाळी ऑटोने आले. साहेब पुढे होळीच्या आधी गेले, आणि तोवर हे गृहस्थ बऱ्याचदा येऊन बसले. पण त्या दिवशी ते दारात उभे राहिले ते आत यावं की नाही अशा चेहऱ्याने. काठी टेकत, वाकलेले. मी दार उघडलं तर मला माझीच तब्येत विचारायला लागले. मागून आंटी आल्या. त्यांना बघून ते जिना ऐकेल इतक्या मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाले, "भाभी जान, आदाब।"

"धीरे बोलिए, सुनाई देता है," आंटी म्हणाल्या, आणि त्यांना आत घेऊन गेल्या.

मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. चहा आत देऊन बाहेर येऊन बसले. भावाभावांचं बोलणं सुरू झालं होतं. धाकटे बोलत होते, साहेबांच्या वाटचा एखादा अस्पष्ट शब्द मध्येच येत होता. हवा, यंदाचं धुकं, चौकातली खोदलेली सडक, कोणाच्या तरी मुलाचं लग्न. एरवी मी कधीच कंटाळून उठले असते. त्या दिवशी मी हवेचं आणि सडकेचं ऐकत बसले होते, कारण खालच्या ओळी यायच्या होत्या हे मला कळत होतं. धाकट्यांचा आवाज हळूहळू खाली उतरायला लागला.

तेवढ्यात आंटी बाहेर आल्या. त्यांनी मागे दार ओढून घेतलं, पुरतं नाही, घंटी वाजली तर मला ऐकू यावी इतकं उघडं ठेवून. माझ्यासमोर बसल्या. मग दोन्ही हात कानांकडे नेले, एकेक मशीन काढलं आणि डबीत ठेवलं.

मला वाटलं, दुखलं असेल. खुणेनेच विचारलं, काय झालं?

"इतने बरसों बाद बैठे हैं," त्या म्हणाल्या. "मेरी बात भी निकलेगी। मैं सुन रही हूँगी तो वो खुलकर नहीं कहेंगे।"

आणि ज्या कानांसाठी त्यांनी एवढे दिवस वाट पाहिली ते बंद करून त्या मटार सोलायला बसल्या. आतून आता हुंदका आल्यासारखा आवाज आला, मग साहेबांचा श्वास, मग पुन्हा धाकट्यांचा. मला सगळं ऐकू येत होतं. मी उठले, घंटीची काळजी आत बसलेल्या धाकट्यांवर सोडली, आंटींच्या खांद्यावर हात ठेवला, आतल्या खोलीचं दार अलगद लावलं आणि जिना उतरून घरी आले.